तळ्यातल्या लाल अळ्या

७ फेब्रुवारी १९९४
आजपासून थिसिस. काशीत आमच्या ब्रह्मा घाटावर वेदमूर्ती पुष्कळ. पाणकिड्यांचा डॉक्टर मी पहिला होणार. रामनगरपलीकडच्या तळ्यात बैजनाथने जाळी बांधून मासे पाळलेत. गावाची तक्रार, पाणी बिघडलं. मी तळाच्या चिखलातले किडे मोजणार. पाणी चांगलं असेल तर मेफ्लाय माशीची पिल्लं सापडतात. पाळलेल्या माशांचं खाणं नि घाण कुजली की लाल अळ्याच उरतात. पंधरा दिवसांत रिपोर्ट. बैजनाथ स्वतः आभार मानेल.

१० फेब्रुवारी
जाळ्यांच्या बाजूला लाल अळ्या ४१२, मेफ्लाय शून्य. पलीकडच्या काठाला मेफ्लाय ३८. बैजनाथला आकडे सांगितले. त्याने कानाखाली वाजवली. माणूस भावनाप्रधान आहे. पुढच्या वेळी आधी नमस्कार करायचा.

१३ फेब्रुवारी
नमस्कार केला. त्याने चिखल गाळायची माझीच चाळणी माझ्या डोक्यात घातली. चार टाके. मृणालिनी म्हणाली, "अहो, मंगला गौरीची शपथ आहे, परत जाऊ नका." बायकोला फील्डवर्क कळत नाही. तो घाबरलाय, म्हणजे त्याला पटतंय.

१६ फेब्रुवारी, दुपारी
गावकऱ्यांना काठावर बोलावून अळ्यांचा ट्रे दाखवला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मास्साब, मतलब पानी इसी ने खराब किया?" म्हणालो, सायन्स तरी तसंच म्हणतं. सविस्तर समजावणार होतो, पण ते लाठ्या आणायला गेले. जाळी कापली. झोपडी पेटवली. बैजनाथला त्याच्याच वल्ह्याने झोडपलं. उजवा हात मोडला, दोन दात चिखलात पडले. मी मध्ये पडणार होतो, पण ट्रे कोणीतरी सांभाळायला हवा होता. जनजागृती इतकी लवकर होते, हे नोंदवण्यासारखं.

२ मार्च
मासे गेले, आता अळ्या घटल्याच असणार. खात्रीसाठी मोजल्या. ४३०. पहिल्यांदाच नावेतून नीट फिरलो. मी चिखल घेतो तिथेच गावाचा नाला पडतो. जागा सोयीची होती, बूट भिजत नव्हते. जाळी होती ती शंभर पावलं पुढे. तिथे मेफ्लाय २९.
गावाला उद्या सांगतो. नको, होळीनंतर. लोक तापट आहेत.

५ मार्च
इस्पितळात बैजनाथकडे गेलो. संत्री नेली. खरं सांगायचं पक्कं ठरवलं होतं.
पडलेल्या दातांच्या फटीतून त्यानेच विचारलं, "गुरुजी, कीड़े कम हुए?"
म्हणालो, बरेच.
"चलिए," तो म्हणाला, "गाँव का भला हुआ."
एका हाताने त्याला सोलता येईना. मी संत्रं सोलून दिलं.