दोन फुटांचा फटका

नॉर्थ डेव्हन,
१४ ऑक्टोबर १९०८

प्रिय लव्हडे,

तू शिक्षिका व्हायला एक्सेटरला गेल्यापासून पत्रं आईच लिहिते आणि मी खाली दोन ओळी खरडतो. आज मात्र सगळा कागद माझा. आई पलीकडच्या खोलीत इस्त्री करतेय आणि दर पाच मिनिटांनी "झालं का?" म्हणून विचारतेय. होऊ दे उशीर. मला जूनमधल्या केंटच्या गोल्फ स्पर्धेबद्दल सांगायचंय. 'टकेटच्या दुखऱ्या मनगटाने ऐन वेळी दगा दिला' असं वर्तमानपत्रांनी माझ्याबद्दल छापलं होतं. तू सुट्टीत घरी होतीस तेव्हा मीही तुला तेच सांगितलं. बाळ, मनगटाला काहीही झालेलं नव्हतं.

तुझा बाप चौदाव्या वर्षी गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्याच्या दुकानात लागला. दिवसभर दांडे तासायचे आणि साहेब लोक घरी गेले की मेंढरांमधून वाट काढत चेंडू मारायचा. तुझे आजोबा चुनाभट्टीवरून येताना मला बघायचे आणि ओरडायचे, "अँब्रोज, गवतावर चेंडू बडवून कुणाचं पोट भरलंय रे?" भरलं की. क्लबने नोकरीवर ठेवलं. साहेबांना शिकवायचं, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायच्या आणि क्लबच्या नावाने स्पर्धा खेळायच्या. वीस वर्षं त्यावर घर चाललं. त्यांच्या इमारतीच्या पुढच्या दाराने मला कधी कुणी आत घेतलं नाही, जेवण माझं मागच्या छपरीत. पण मी खेळायला उभा राहिलो की तेच साहेब चिखल तुडवत मैलभर मागे यायचे. खरं सांगतो, त्याचा मला फार गर्व होता.

गेल्या नोव्हेंबरात क्लबचे सचिव मेजर पेलो यांच्याबरोबर खेळत होतो. चेंडू होलपासून जेमतेम दोन फुटांवर. काठी नुसती टेकवायची की आत. पण ऐन वेळी हात उडाला, चिमटा काढल्यासारखा, आणि चेंडू भलतीकडेच गेला. गारठा आहे, म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मी पहाटे दुकानात जाऊन फरशीवर चहाचा कप आडवा ठेवायचो आणि त्यात चेंडू घालायचो. शंभरातले शंभर आत! पण चार माणसं बघायला उभी राहिली की हात माझे राहायचेच नाहीत. ज्या हातांवर आपण तिघं जेवतो तेच हात. कुणाला सांगणार? मनगट मुरगळलंय अशी थाप मारली. तुझी आई बिचारी सात महिने रोज संध्याकाळी धडधाकट मनगटाला हंसाची चरबी चोळत बसली. मी मुकाट्याने हात पुढे करायचो. अन्न गोड लागत नव्हतं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली.

केंटला कसे कोण जाणे, लांबचे फटके असे लागले की शेवटच्या होलवर आलो तेव्हा अजिंक्यपद माझ्यापासून दोन फुटांवर होतं. अक्षरशः दोन फूट. भोवती हजारभर माणसं, आणि एवढी शांतता की कुणाच्या तरी घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी मारला. होलच्या काठालाही न शिवता चेंडू बाजूने निघून गेला. "अरेरे!" असा मोठा आवाज उठला. आता धरणी पोटात घेईल, असं मला वाटलं. पण लव्हडे, तसलं काही झालंच नाही. मला मोकळा श्वास आला. ज्याची सात महिने धास्ती होती ते होऊन गेलं होतं, सगळ्यांदेखत, आणि मी आपला उभाच होतो, आणि मला सपाटून भूक लागली होती.

आम्हा नोकरदार खेळाडूंच्या तंबूत मी गार मांस आणि कांद्याचं लोणचं दोनदा वाढून घेतलं. तेवढ्यात स्कॉटलंडचा म्हातारा गिलरे माझ्या शेजारी येऊन बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "मनगट नाही ना?" मी होकाराची मान हलवली. तो म्हणाला, "मलाही आहे ते. नऊ वर्षं झाली."

"तुम्हाला? तुम्ही तर प्रत्येक फटक्याआधी डोळे मिटून प्रार्थना करता!"

"कसली डोंबलाची प्रार्थना! चेंडू दिसला की हात उडतो, म्हणून डोळे मिटूनच मारतो. लोकांना मी देवभक्त वाटतो, तर वाटू दे बापडा." मी इतका हसलो की कांदा नाकात गेला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती जराही चकित झाली नाही. "पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला," म्हणाली, "सूज नाही, काही नाही. पण तू सांगेपर्यंत चोळत राहायचं ठरवलं होतं." दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांपुढे टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं की यापुढे स्पर्धा खेळणार नाही. नोकरी गेली असं धरूनच चाललो होतो. ते मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "वाईट झालं, टकेट. बरं, माझ्या काठीचा दांडा कधी बसवून देतोस?" संपलं! आता मी दांडे बसवतो, पाद्रीसाहेबांच्या पत्नीला शिकवतो, आणि चेंडू तळ्यात गेला की त्या माझ्याकडे रागाने बघतात. रात्री आडवा झालो की थेट सकाळ.

आता हे तुला का लिहितोय ते सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे भर शाळेच्या वेळी, तुझी झिल्फा मावशी एक्सेटरच्या कॅथीड्रलजवळून जात होती. तिथे बाकावर तू पुस्तकं मांडीवर घेऊन एकटीच बसली होतीस. ती दोन तासांनी परत आली तेव्हाही तू तिथेच. तुझ्या शेवटच्या पाच पत्रांत 'वर्ग छान चाललाय' हेच एक वाक्य आहे. उन्हाळ्यात परसात तू कोंबड्यांना भूगोल शिकवत होतीस, खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता. खऱ्या मुलांसमोर तो आवाज फुटत नाही, हो ना? माझा अंदाज चुकला असेल तर बापाला खुशाल हस. नसेल तर शनिवारच्या गाडीने ये. परत जायचं की नाही ते नंतर ठरव, काहीही ठरवलंस तरी मला चालेल. स्टेशनवर मी एकटाच येईन. घरी चहाच्या वेळी तुला कुणी एक अक्षर विचारणार नाही. तशी मी आईला ताकीद दिली आहे, आणि तिने मला त्याहून कडक.

तुझाच,
बाबा