ओटीपी अण्णांच्या फोनवर

अण्णा,

परवा रविवारी इथल्या मराठी मंडळानं मला नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावलं होतं. विषय काय, तर परदेशात पैसे कसे सांभाळायचे आणि कसे बदलून घ्यायचे. तुमची लेक आणि पैशांवर भाषण! तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून आईला म्हणाला असतात, "हिच्या पर्समदी कदी सुटे सापडलेत का?" पण मी बोलले, चांगलं तासभर बोलले. विमानतळावर लागतील तेवढेच बदला, बाकीचे शहरात आल्यावर. स्टेशनबाहेर कुणी जास्त भाव देतो म्हणाला तर त्याच्याकडे बघूसुद्धा नका. दोन्ही कार्डं एका पाकिटात ठेवू नका. मशीननं रुपयांत कापू का असं विचारलं तर नको म्हणा, इथल्याच चलनात कापू द्या. मुलं लिहून घेत होती. शेवटी बदलापूरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "ताई, माझा ओटीपी बाबांच्या फोनवर येतो. दर वेळी त्यांना फोन करावा लागतो आणि ते शंभर प्रश्न विचारतात. काय करू?" सगळे हसले, कारण निम्म्यांची तीच गत होती. मीही हसले. म्हटलं, बँकेत स्वतःचा नंबर जोडून घे, सुटशील. उत्तर बरोबरच होतं. घरी आले आणि अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले.

मी जर्मनीला निघाले तेव्हा तुम्ही मला ठाण्याला युरो घ्यायला घेऊन गेला होतात, ते आठवतं. तुमचा स्वतःचा पासपोर्ट नव्हता, पण शाळेच्या ऑफिसात जन्म काढलेला कारकून तो, पावती घेतल्याशिवाय कसा हलेल? पावती घेतलीत, बारक्या नोटा मागून घेतल्यात, आणि परत येताना भिवंडीत आपल्या टेमघरच्या नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानात शिरलात. काचेवर युरोची नोट ठेवलीत तेव्हा दुकानदार हबकलाच. "अंकल, नोट का झेरॉक्स? मरवाओगे क्या मेरे को?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "अरे बाबा, हरवल्या तर नंबर तरी पाहिजे ना?" तुमचा कायदाच होता तो, ज्याची झेरॉक्स नाही ते हरवलंच समजायचं. मी लाजेनं रस्त्यावर जाऊन उभी राहिले. घरी आईनं माझ्या सलवारीला आतून खिसा शिवला, त्यात तुम्ही थोड्या नोटा ठेवल्यात, थोड्या बॅगेच्या तळाशी, आणि उरलेले सगळे फॉरेक्स कार्डावर. ते कार्ड रिकामं झालं की मी तिकडून आपल्या दोघांच्या खात्यातून भरायचं, असं ठरलं होतं. खात्याला फोन नंबर तुमचा होता. कॉलेजात असताना मी दर सहा महिन्यांनी सिम बदलत होते आणि तुमचा नंबर काही बदलणारा नव्हता, एवढंच त्याचं कारण. त्यातून पुढे काय होईल, ते त्या वेळी कुणाच्याही मनात आलं नाही.

मग सुरू झाला आपला तो दर वेळचा तमाशा. माझा वर्ग सुटायचा तेव्हा तुमच्याकडे जेवणाची वेळ. मी कार्ड भरायला घेते, बँक तुमच्या फोनवर ओटीपी पाठवते, मी तुम्हाला फोन लावते. तुम्ही ताट सोडून उठता. आत रेंज नाही, म्हणून गॅलरीत येता, आणि गॅलरीला लागूनच कापडाच्या लूमचा कारखाना, तिथे रातपाळी सुरू झालेली. त्या खटखटीच्या वर आवाज काढून तुम्ही एकेक आकडा इंग्रजीत ओरडून सांगता, शाळेत हजेरी घ्यावी तसा, आणि मग सगळा नंबर पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचे, "अण्णा, ओटीपी गुप्त असतो, अख्ख्या टेमघरला ऐकू जातोय." तुम्ही म्हणायचात, "लूमवाल्यांना सोताचा आवाज ऐकू येत न्हाय, तुजा ओटीपी काय ऐकतान?" पण हे सगळं नंतर. आधी तुमचा प्रश्न ठरलेला असायचा. "कशाला गो, बाय?" कशाला लागतात, कुठे देणार आहेस, त्या माणसाला ओळखतेस का, पावती देतो का. आणि सगळ्यात शेवटी, जेवलीस का.

आज मी त्या प्रश्नासाठी काय वाटेल ते देईन. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढी मोठी झाले, परक्या देशात एकटी राहते, आणि बूट घ्यायचे तरी भिवंडीहून मंजुरी घ्यायची! त्या खोलीच्या दिवशी तर कडेलोट झाला. चार महिने वणवण करून एक बरी खोली मिळत होती, घरमालकीण समोर बसली होती, अनामत लगेच भरायची होती. तुम्ही विचारलंत, "कशाला गो? बाई कशी हाय? कागद केलान का?" मी सांगतेय तोवर ओटीपीची मुदत संपली. पुन्हा मागवला, तर तुमच्याकडे लाइट गेली आणि फोन अंधारात खाली पडला. घरमालकिणीनं घड्याळ पाहिलं आणि बाहेर थांबलेल्या दुसऱ्या मुलीला आत बोलावलं. मी रस्त्यावर येऊन तुम्हाला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. शेवटचं वाक्य अजून जसंच्या तसं कानात आहे. "यापुढे काही विचारायचं नाही, अण्णा. ओटीपी मागितला की ओटीपी द्यायचा. बास." मागे लूम चालू होते. तुम्ही म्हणालात, "बरं, बाय."

आणि तुम्ही शब्द पाळलात. त्यानंतर एकदाही विचारलं नाहीत. फोन लावला की आकडे, पुन्हा एकदा आकडे, आणि "ठेवू का?" जेवलीस का हेसुद्धा गेलं, तेही प्रश्नांतच मोजलंत बहुतेक. मला हायसं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, फार सुटसुटीत वाटलं होतं.

मग एके दिवशी दुपारी तुमचा फोन आला. तुम्ही आपणहून कधी फोन करत नव्हतात, आयएसडीला पैसे पडतात म्हणून. आवाजात खुशी होती. "बाय, तुजा कार्ड चालू झाला का?" मी म्हटलं, कुठलं कार्ड? तुम्ही म्हणालात, "अगो, बँकेतून फोन आलता. तुजा कार्ड तिकडं बंद पडलाय, तू दुकानात अडकून हाईस, ओटीपी पायजे म्हणून." त्या माणसाला माझं नाव माहीत होतं, मी कुठे असते ते माहीत होतं, कुठून कळलं देव जाणे. तुम्ही कपाटातून खात्याचं कार्ड काढून त्याला नंबर सांगितलात. मग ओटीपी एकामागून एक येत गेले आणि तुम्ही गॅलरीत उभे राहून ओरडून ओरडून ते सांगत गेलात. मी दुकानात अडकले होते ना. मागच्या वेळेसारखा उशीर होऊन चालणार नव्हता.

निवृत्तीनंतर मिळालेले, माझ्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे सगळे गेले. आणि मी काय केलं, अण्णा? मी तुम्हाला झापलं. "एवढी वर्षं ऑफिसात काढलीत, पावतीशिवाय कुणाला दाखला दिला नाहीत, आणि कुणा सोम्यागोम्याला नंबर देऊन मोकळे झालात? एक प्रश्न विचारता आला नाही तुम्हाला?" तुम्हाला म्हणता आलं असतं, तूच तर सांगितलंस, काही विचारायचं नाही. आठवत होतं ना तुम्हाला? मला तर बोलता बोलताच आठवलं होतं. माझ्या तोंडून ते वाक्य निघत असतानाच आठवलं, आणि तरी मी ते पुरं केलं. तुम्ही म्हणालात, "चुकलो, बाय."

पुढचं सगळं दादानं फोनवर सांगितलं. पोलीस स्टेशनात, बँकेत, सगळीकडे झेरॉक्स जोडून अर्ज दिलेत. हाती काही लागलं नाही. मग कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायचं काम धरलंत, त्या धुळीत आणि त्या ट्रॅफिकमध्ये, निवृत्त झालेल्या माणसानं. मी इकडे एका बेकरीत लागले, इथलंच खातं उघडलं. ओटीपीची गरज संपली आणि फोन करायचं कारणही संपलं. सणावारी बोलायचो. दर वेळी वाटायचं, आज म्हणावं, अण्णा, चूक तुमची नव्हती. दर वेळी वाटायचं, समोर बसून सांगू, डिसेंबरात जातेच आहे. दिवाळीनंतर तुम्ही गोडाऊनच्या ऑफिसात खुर्चीतच गेलात. मी पोहोचले तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

दादा अजून म्हणतो, "अण्णा भोळे होते, म्हणून फसले." आई मान डोलावते. इतकी वर्षं झाली, मीही मान डोलावते. तुम्ही भोळे नव्हतात. झेरॉक्सवाल्याशी नोटेवरून वाद घालणारा माणूस भोळा कसा असेल? त्या माणसाला तुम्ही एकदा जरी "कशाला?" म्हणाला असतात तरी तो तिथेच अडखळला असता. तो प्रश्न तुमच्या तोंडातून मी काढून घेतला होता. हे घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तुम्ही मात्र स्वतःला मूर्ख समजत गेलात.

आता माझा नंबर माझ्या खात्याला आहे. ओटीपी माझ्याच हातात येतो, कुणी काही विचारत नाही. परवा त्या मुलीला मला खरं तर एवढंच सांगायचं होतं, की नंबर बदलून घे, पण बाबांना विचारू दे, आणि उत्तर दे. तेवढ्या मुलांसमोर जमलं नाही. जाताना तिनं स्वतःचा नंबर दिला, म्हणाली, काही राहिलं असेल तर कळवा, ताई. तिला फोन करायचा म्हणून बसले होते, आणि केला नाही. तुम्हाला लिहीत बसले.