समाधानी सॅमन

२ फेब्रुवारी
ऑलेसुंद, आमचं बंदराचं शहर. नवकल्पना निधीच्या संचालकपदाचा पहिला दिवस. बावीस वर्षं जाळ्यांचा कारखाना चालवला, आता दुसऱ्यांच्या कल्पना पारखायच्या. माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझी सहायक रागना म्हणाली, कारखाना बंद पडला तेव्हा तिची बहीण तिथेच कामाला होती. मी म्हटलं, बंद पडला नाही. तो टप्पा पूर्ण झाला.

११ फेब्रुवारी, सकाळी १०
पहिली अर्जदार ओलाउग. पन्नाशीची. मत्स्यशेतीच्या जाळ्यात एक तार विणायची. जाळं फाटलं की किनाऱ्यावर दिवा लागणार. बस, एवढंच. स्लाइड नाहीत. पिशवीतून जाळ्याचा ओला तुकडा काढून टेबलावर ठेवला. दिवा ही काही नवकल्पना नव्हे. नकार दिला. जाताना म्हणाली, तुझ्याच कारखान्यात अठरा वर्षं जाळी विणली. मी म्हटलं, चेहरा लक्षात आहे. नव्हता.

दुपारी २
ऑस्लोचे दोन तरुण. पाण्यातल्या कॅमेऱ्यावरून सॅमनचा मूड ओळखणारं ॲप. चौसष्ट स्लाइड. अंगावर काटा आला. मूड कळल्यावर मत्स्यशेतीवाल्याने करायचं काय, असं रागनाने विचारलं. अशा प्रश्नांमुळेच आपण मागे राहतो. मंजूर.

२० मे
समुद्रात मासे पाळायच्या आठ पिंजऱ्यांत ॲप बसलं. सर्व मासे समाधानी. स्थानिक पेपरात माझा फोटो. डोळे मिटलेले आलेत, पण विचारमग्न वाटतो.

३ सप्टेंबर
वादळात एका पिंजऱ्याचं जाळं फाटलं. सगळे सॅमन पसार. दोन दिवस कुणाला पत्ता नाही, कारण ॲप रिकाम्या पिंजऱ्यातले मासेही समाधानी असल्याचं कळवत होतं. तरुणांचं म्हणणं, पळालेले मासे समाधानी असूही शकतात. मला पटलं. संचालक मंडळाला नाही.

१९ सप्टेंबर
मत्स्यशेतीवाल्यांनी वर्गणी काढून ओलाउगला तारेची जाळी विणायला बंदरावर शेड घेऊन दिली. रागना नोकरी सोडून तिकडे गेली. राजीनाम्यात कारण: कंटाळा. नेमकं कशाचा, ते लिहिलेलं नाही.

२५ सप्टेंबर
मंडळाने माझी मुदत वाढवली नाही. बरंच झालं. ओलाउगला आता अनुभवी सल्लागार लागणारच. आपणहून जायचं. मोठेपणा दाखवायचा.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ५
गेलो. ओलाउगने कॉफी दिली, बसायला स्टूल दिलं. मग म्हणाली, "स्वेनुंग, ही तारेची गोष्ट मी तुला कारखान्यात तीनदा सांगितली होती. तेव्हा केलं असतंस तर आम्ही चाळीस जण घरी बसलो नसतो."
आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, आता पूर्ण ऐकतो, बोल.
ती वीसेक मिनिटं बोलली. महत्त्वाचं असावं, रागनानेही हातातलं विणकाम थांबवलं होतं. मी मात्र उत्तराला सुरुवात कशी करावी याच विचारात होतो. मनातल्या मनात सुरुवात छान जमली. मान वर केली तर दोघी कोट घालून दारात उभ्या. त्यांना कुलूप लावायचं होतं.