झाकणाचा वास

माय, तुला जाऊन किती उन्हाळे झाले, ते मोजणं मी सोडलंय. आज लई दमलेय, म्हणून तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

युसूफ वडगावच्या दूध सोसायटीत तू गावाचं दूध जमा करून घ्यायचीस. त्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत, दूध यायचं ते ऊन चढल्यावर. काठोकाठ भरलेला कॅन बघून मी खूश झाले की तू खेकसायचीस, "भरल्याला काय बघतीस? दिसाया दूध पांढरंच असतंय. झाकण हुंग!" एकदा सख्ख्या मावशीचा कॅन परत केलास. ती भांडायला उठली, "कावून परत? माझ्या दुधाला काय धाड भरलीय?" तू म्हणालीस, "आंबाय लागलंय, अक्का. एका कॅनपायी समद्यांचं नासंल." दिवाळीपर्यंत दोघींचा अबोला.

मी आता मोठ्या दवाखान्यात कॅन्सरची चित्रं काढते. चुंबकाचं मशीन तसंच, एमआरआयचं, ज्यात तुला घातलं होतं. पण आता साखरेपासून अंगात बनणारं एक द्रव्य आम्ही आधी अतिथंड करून चुंबकात ठेवतो, मग झटकन वितळवून शिरेत सोडतो. ते चित्रात चमकतं, तेही जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. कॅन्सरची गाठ त्याचं आम्ल करते, आंबलेल्या दुधात असतं तेच. गाठ केवढी हे नाही, ती आंबवतेय किती, हे दिसतं. झाकण हुंगण्याचाच प्रकार गं.

आज पाटोद्याकडची एक ऊसतोडीची बाई आली होती. औषध सुरू होऊनही गाठ तेवढीच, म्हणून सगळं सोडून ती कारखान्यावर जायला निघालेली. मशीनवर झोपताना म्हणाली, "बाई, खरं सांगा, उपेग हाय का न्हाई?" चित्रात आंबणं पार मंदावलं होतं. औषध लागू पडत होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं, तेव्हा तिची पोरगी तिच्या गळ्यात पडून रडली.

तुझीही गाठ तेवढीच होती. वाढली नाही म्हणून आम्ही खूश, आणि तू अख्खा उन्हाळा उलट्या करत तेच औषध घेतलंस. आत आंबतच होतं. हे चित्र तेव्हा असतं तर तू वाचली असतीस, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण तो उन्हाळा तरी तुझ्या अंगणात गेला असता.

हे कुणापुढं बोलायचं नाही, ठाऊक आहे. चित्र बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण माय, आईच्या गळ्यात पडलेल्या त्या पोरीचा मला लई राग आला.