मधमाश्यांना दिलेली बातमी

शनिवार, २ ऑगस्ट

पोचलो एकदाचे! कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागं ओढायचं, आत झोपायचं, चाकं लावलेलं कपाट. त्यात तिघं कोंबलेले: आई, मी आणि आईचा नवरा. त्याला मी थर्मास म्हणतो, कारण चहाचा थर्मास त्याच्या हातातून सुटत नाही. त्याच्या तोंडावरसुद्धा थर्मासच म्हणतो. हेडमास्तरांच्या गाडीत मी मेंढी बसवली म्हणून आईनं फोन जप्त केलाय, तर आता ही वही.

मुक्काम इंग्लंडच्या श्रॉपशरमधल्या अपर हॅथर्ली गावात, आईची मैत्रीण हेस्टरमावशी हिच्या सफरचंदाच्या बागेत. मावशी विधवा, एकटीच असते. गाडी मागे घेताना थर्मासनं तिचा नळ मोडला. मग चाकांखाली फळ्या सरकवत बसला, कॅरॅव्हॅन सपाट पाहिजे म्हणे. आई म्हणाली, जरा हात लाव की. मी म्हटलं, आपण झोपायला आलोय, बिलियर्ड खेळायला नाही. थर्मासच हसला. त्याला अपमान कळतच नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

किल्ला पाहिला. तीन भिंती आणि एक भोक. थर्मासनं प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली, जणू आम्ही आंधळे. मग बागेत चहा. चहाबरोबरच्या गोडसर पावावर, म्हणजे स्कोनवर, आधी जॅम की आधी साय, यावर तो आणि मावशी दोन मोठी माणसं असून भांडली.

बागेच्या टोकाला मावशीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मावशी सांगत होती, घरातलं किंवा मुक्कामाला आलेलं कुणी वारलं, की दाराची किल्ली पेटीवर ठोकायची, पूर्ण नाव घेऊन माश्यांना सांगायचं आणि पेटीला काळी फीत बांधायची. नाही सांगितलं तर त्या रुसून निघून जातात. सासरा वारला तेव्हा मावशीनं आधी माश्यांना कळवलं, मग डॉक्टरला! हसता हसता माझ्या नाकातून चहा आला. मावशी म्हणाली, हस बाबा खुशाल, पण त्यांच्यापुढे थट्टा नको हं.

थट्टा नको! हे तर आमंत्रणच झालं.

सोमवार, ४ ऑगस्ट

न्याहारीच्या आधीच काम उरकलं. कॅरॅव्हॅनची किल्ली पेटीवर ठोकली, रडका चेहरा केला आणि थर्मासचं पूर्ण नाव, मधलंसुद्धा, घेऊन सांगितलं की बिचारे गेले, चहाचा घोट घेता घेता. माश्यांची गुणगुण एकदम थांबली. सगळ्या गप्प! मी वाकून नमस्कारच केला. आईच्या टोपीची काळी फीत बांधली आणि मावशीच्या किंकाळीची वाट बघत झुडपात बसलो.

किंकाळी नाहीच. मावशी आली, फीत बघितली, मान हलवली आणि गेली. दुपारी तिनं मांस भरलेली पेस्ट्री आणली, आईचा हात धरून बसली. ताटं तीनच मांडली. थर्मास हसला, म्हणाला, मला उपास दिसतोय, आणि स्वतःचं ताट घेऊन आला. म्हातारीला मोजता येत नाही, दुसरं काय.

मंगळवार, ५ ऑगस्ट

जुनी पाणचक्की. बघण्यासारखं काय, तर ती फिरते. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाशी थर्मास बोलत होता आणि तो माणूस थर्मासच्या खांद्यावरून मला विचारत होता, तू आणि आई, दोघंच ना?

थर्मासनं आज एकही पाटी वाचली नाही. चहा ओतला तो गार. सकाळीच उकळता भरला होता म्हणाला. मग हळूच विचारलं, तुला दिसतोय ना रे मी? मी म्हटलं, दुर्दैवानं.

तो हसला नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

आईनं कॅरॅव्हॅन मागे घेऊन सावलीत लावली. एका झटक्यात! तिला साधी गाडी नीट लावता येत नाही. मी विचारलं, थर्मास कुठाय? ती म्हणाली, कोण थर्मास? दरवर्षी मीच तर ओढून आणते हे खटलं, तू ढिम्म हलत नाहीस. मी ओरडलो, तुझा नवरा! ती म्हणाली, तुझ्या बापानंतर मी कशाला त्या फंदात पडतेय. चल, पुरे झाली मस्करी.

दात घासायचे ब्रश दोनच आहेत.

तो चाकाजवळ आहे. हातात फळी. काचेवर वाफ धरावी तसा दिसतोय. ओठ हलतात — आवाज नाही. मी दुसरी फळी धरली. त्यानं मान डोलावली, शाबास म्हणतात तशी. मूर्ख माणूस. अजून शाबास म्हणतोय.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मावशीला सगळं सांगितलं. तिलाही तो आठवत नाही, पण ती पांढरी पडली. म्हणाली, माश्यांना माणूस खोटं सांगत नाही रे, म्हणून त्या सगळं खरं धरतात. तीच किल्ली घे, तुझ्याच तोंडानं सांग की तो जिवंत आहे. पूर्ण नाव घेऊन. माश्यांचा थवा उडायच्या आत सांग; एकदा उडाला की तुझी सोमवारची बातमीच पक्की.

थवा फांदीवर जमतोय. मोठा होतोय —

नाव. सोमवारी घेतलं होतं की. थर्मास नाही — ते खरं —

आईला विचारलं. कोण, म्हणते.

त्याच्याकडे धावलो, ओठ वाचीन म्हणून. चाकाजवळ नुसतं दबलेलं गवत. तेही उभं राहतंय —

अहो, थांबा ना. मी कधी अहो म्हटलं नव्हतं —

थवा हलला.

आठवलं! आठवलं! किल्ली खिशात आहे. वाटेत निसटायच्या आत इथं लिहितो, तिथं जाऊन नुसतं वाचायचं. त्याचं नाव —