मिक्सरला बटण नाही

१० सप्टेंबर २०१५, गुरुवार. मानक नगर, लखनौ.
ठरलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचा साउंड मी बघणार. नरहर काकांनी (मी त्यांच्याकडेच राहतो) विचारलं, येतं का तुला? म्हटलं, इंदूरला तीन महिने डीजेबरोबर होतो. त्याची गाडी चालवायचो, हे त्यांनी विचारलं नाही.
वासंती काकू, म्हणजे काकांच्या मिसेस, १९ला नाट्यगीत म्हणणार. लग्नानंतर स्टेजवर पहिल्यांदाच. आवाज गोड पण बारीक, त्यामुळे सगळी भिस्त माइकवर. म्हणजे माझ्यावर.

१२ सप्टेंबर
तेलीबागहून भाड्याने साउंडचा मिक्सर आणला. लेटेस्ट. नुसता डबा, एकही बटण नाही. सगळं टॅबलेटवरून, वायफायने. दुकानदार बरंच समजावत होता, पण समोर गरम खस्ता कचोरी निघाली. राहिलेलं मॅन्युअलमध्ये असेलच.

१३ सप्टेंबर, सकाळ
आज मॅन्युअल वाचायचं. टॅबलेटला मिक्सर सापडत नाही. टॅबलेट बिघडलेला दिला.

संध्याकाळ
टॅबलेट ठीक आहे. घरच्या वायफायला जोडलेला होता. नरहर काकांची मुलगी वेदिका (मराठी कळतं, उत्तर हिंदीत) म्हणाली, भैया, पहले मिक्सर का वाईफाई तो पकड़ो. मी तेच करणार होतो.
मॅन्युअल उद्या.

१५ सप्टेंबर
हॉलमध्ये ट्रायल. मंडळात दर दुसरा माणूस रेल्वेत इंजिनिअर, त्यामुळे मिक्सरबरोबर आलेला वायफायचा राउटर चौघांनी उलटा करून पाहिला. मी मागच्या दारात उभा राहून काकूंचा माइक वर-खाली करून दाखवला. सगळे गार. काकू म्हणाल्या, आता मला धीर आला रे.
सेक्रेटरी नंदकुमार काकांनी पासवर्ड विचारला. दिला. मंडळाच्याच पैशाने आणलेला राउटर, आपण कोण नाही म्हणणारे. त्यांनी लगेच फळ्यावर लिहिलं, आरतीच्या वेळेखाली: मोफत वायफाय. यात इंटरनेट नाही हे सांगायचं राहिलं.

१७ सप्टेंबर, चतुर्थी
नेट का चालत नाही, असं दहा जणांनी विचारलं. म्हटलं, लोड आहे, जोडून ठेवा, येईल.

१९ सप्टेंबर, शनिवार
शांतपणे लिहितो.
भाषणं झाली. तबला जुळेपर्यंत खडखड नको म्हणून सगळे माइक बंद केले. प्रोफेशनल लोक असंच करतात. बाहेर कोणाची तरी नवी बुलेट उभी होती, ती बघायला टॅबलेट घेऊनच गेलो. जबाबदारी सोडली नाही.
रेंजबाहेर टॅबलेटचं कनेक्शन तुटलं होतं, परत आलो तर जुळेना. डब्याला बटण नाही. राउटर बंद करून चालू केला, माझ्याआधी सगळा हॉल परत चढला. वेदिका म्हणाली, भैया, सबके फोन इसी पे बैठे हैं, तुम्हें जगह कौन देगा? फोनचं वायफाय बंद करा, अशी घोषणा करायची तर माइक हवा.
काकू स्टेजवरून माझ्याकडे बघत होत्या. मी अंगठा दाखवला. तो त्यांना धीर द्यायला होता.
त्यांनी थोडी वाट पाहिली, मग माइक बाजूला सरकवला आणि सुरू केलं. पंख्यांच्या घरघरीत तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचेना. मागे कुजबुज. काकूंचा आवाज कापायला लागला. तेव्हा नरहर काका उठले आणि एकेक करत सगळे पंखे बंद केले. लखनौचा सप्टेंबर. माणसं घामाने निथळत होती, पण जागचं कोणी हललं नाही. शेवटच्या रांगेतून वन्समोअर आला.
काकू रडल्या. आनंदाने, असं काका म्हणाले.
एकंदरीत साउंड चांगला झाला.

२० सप्टेंबर
चहा घेताना काकू म्हणाल्या, पुढच्या वर्षीही म्हणणार. मी विचारलं, साउंड? म्हणाल्या, तूच. पण फक्त पंखे बंद करायचे.
एवढा विश्वास कोण टाकतं हल्ली. दुपारी हॉलवर जाऊन प्रॅक्टिस केली. पंख्यांची म्हणून बटणं दाबली, तर पंखे चालूच राहिले, आरती चालू असताना दिवे गेले. वायरिंग सदोष आहे, कमिटीला कळवतो.