खाडीत सोडलेला शेंदूर

डोंबिवली, रविवार संध्याकाळ

हात तीनदा धुतले, तरी नखांत शेंदूर आहेच.

कोपरला खाडीकडच्या वडाखाली एक दगड आहे. गावाचा तो देव. आमच्या इतिहास मंडळाच्या मते वीरगळ, लढाईत पडलेल्या कुणा वीराचं स्मारक. वर शेंदराचा बोटभर थर. खालचं कोरीवकाम बघायचं म्हणून गावच्या पंचांना विचारून आज सकाळी तो काढला. आत घोडेस्वार निघाला, काय देखणा! सगळे फोटो काढत सुटलो. शेंदराच्या ढलप्या मी गोणीत भरल्या, तेवढ्यात कचऱ्याची घंटागाडी आली, तिच्यात गोणी देऊन मोकळी झाले. विचारसुद्धा केला नाही.

दुपारी तिथे रोज दिवा लावणाऱ्या आजी आल्या. चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाय, देवाचा शेंदूर खारीन सोरला ना?"

देवाचं शेंदराचं कवच उतरलं की पाण्यात सोडायचं, हे मला माहीत नव्हतं का? आमच्या गावच्या मारुतीचं कवच वाजतगाजत नदीवर नेलेलं. मंडळाच्या अंकात त्यावर लेख लिहिलाय मी! कसली मी इतिहासवाली.

"हो आजी, खाडीतच सोडला," म्हटलं. चक्क खोटं.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, खाडीकडे तोंड करून हात जोडले. मग माझ्याकडे वळल्या. "तू पन जोर हात."

मी जोडले. नखं दिसू नयेत म्हणून बोटं आत मुडपून.